आपला तो बाब्या

"काऊन वं, हिले कोनाचा राग आला?"

माझ्या आतेसासूबाईंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातात माझा मोबाइल होता आणि मोबाइलवर मी केलेल्या भुलाबाईचा फोटो. खरी भुलाबाई त्यांच्या पाठीमागे देवळीत बसलेली. बसून पंधरा दिवस झाले होते. आत्या रोज संध्याकाळी तिच्यापुढे दिवा लावत होत्या, मी रोज तिच्यासमोरून शंभरदा ये-जा करत होते, पण तिचा राग कुणालाच दिसला नव्हता. फोटोत तो पाच सेकंदांत दिसला. मी उठून देवळीशी गेले, चष्मा पुसून पाहिलं. डाव्या भुवईचं आतलं टोक उजवीपेक्षा तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकं खाली उतरलं होतं. तेवढ्यावर ती कपाळाला आठी घालून बसली होती.

मागच्या प्रकरणांत आपण कापूस कसा भरायचा, शिवण कुठे लपवायची, चेहरा कसा रंगवायचा हे पाहिलं. हे प्रकरण त्या तांदळाच्या दाण्याचं आहे. बाहुली पूर्ण झाल्यावर, ती कुणाला देण्याआधी, तिचा फोटो काढून तपासायचा. तो छापून आणण्यासाठी किंवा विकण्यासाठी नाही, आपलं आपल्याला कळावं म्हणून. विकायचे फोटो वेगळे असतात. त्यात बाहुली चांगली दिसावी म्हणून सगळी खटपट चालते. इथे ती जशी आहे तशीच दिसायला हवी, आणि हे वाटतं तितकं सोपं नाही.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबते. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर, आणि बऱ्याच घरी सोबत छोटा गणोबा. भाद्रपद पौर्णिमेला त्यांना पाटावर नाहीतर देवळीत बसवतात. मग महिनाभर मुली संध्याकाळी घरोघरी फिरून गाणी म्हणतात आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवात भुलाबाईचा शेवटचा मुक्काम असतो, त्यानंतर तिला निरोप. पश्चिम महाराष्ट्रातल्या भोंडल्याचीच ही बहीण, फक्त तिथे पाटावर हत्ती असतो आणि आमच्याकडे नवरा-बायको. मूर्ती बहुतेक लोक बाजारातून आणतात. मी बारा वर्षांपासून घरीच करते. आमच्या वरूडची काळी माती कपाशीला आणि संत्र्याला चांगली असेल, मूर्तीला नाही. ओली असताना फुगते, वाळताना आक्रसते आणि तडकते. म्हणून शाडू आणते, त्यात कागदाचा लगदा मळते. अंगावरचे कपडे मात्र कापडाचे शिवते, हातही कापसाचे. म्हणजे अर्धी मूर्ती, अर्धी बाहुली.

आणि ही भुलाबाई दरवर्षी पाण्यात जाते. गेल्या वर्षीची नाकं कशी होती हे यंदा सांगायला घरात काहीच उरत नाही. फोटो काढायला मी त्या कारणानं सुरुवात केली होती. तपासणीचा उपयोग नंतर, आत्यांमुळे कळला.

डोळा असा फसतो कसा? १९९९ मध्ये मायकल वेबस्टर आणि ऑटो मॅक्लिन या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना ताणलेले, दाबलेले, बिघडवलेले चेहरे काही वेळ पाहायला लावले. थोड्याच वेळात तो बिघाड लोकांना कमी वाटू लागला, इतका की नंतर दाखवलेला सरळ चेहराच उलट बाजूला ताणलेला भासला. मेंदू जे समोर असतं त्यालाच नेहमीचं धरून चालतो. आता विचार करा, आपण एका बाहुलीच्या तोंडाकडे किती वेळ पाहतो? माझा एक चेहरा रंगवायला सहा-सात तास जातात. सातव्या तासाला ती वाकडी भुवई हीच माझी सरळ भुवई झालेली असते. त्यात माया असते ती वेगळीच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण आपण पोरांवरून वापरतो, पण हातानं केलेल्या कुठल्याही वस्तूला ती तितकीच लागू आहे.

तेव्हा बाब्याला घटकाभर कार्टं करायचं कसं, एवढाच प्रश्न उरतो. लिओनार्दो दा विंचीनं आपल्या टिपणांत चित्रकारांना सपाट आरसा जवळ ठेवायला सांगितलं आहे. चित्र आरशात उलटं दिसतं, त्यामुळे ते दुसऱ्याच कुणीतरी काढल्यासारखं वाटतं आणि चुका सापडतात. मध्येच काम सोडून जरा फिरून यावं, लांब जाऊन पाहावं, हेही त्यानंच सांगितलं. पुढे कॅमेरा आला आणि शिल्पकारांनी तो लगेच या कामाला लावला. ओग्युस्त रोदँ हा फ्रेंच शिल्पकार १८८० च्या दशकात आपल्या मातीच्या मूर्तींचे फोटो काढून घ्यायचा आणि त्या छापील फोटोंवरच शाईनं रेघा मारायचा. इथली घडी खोल हवी, इथला हात वर. मूर्ती ओलीच असायची, म्हणून फोटोवर आधी दुरुस्ती, मग मातीत. ब्रांकुसी हा शिल्पकार तर आपल्या शिल्पांचे फोटो दुसऱ्या कुणाला काढूच द्यायचा नाही. कॅमेरा शिकायला त्यानं मॅन रे या छायाचित्रकाराची मदत घेतली आणि कामशाळेत स्वतःची डार्करूम केली.

आपल्याला डार्करूम नको, मोबाइल पुरे. पण मोबाइलशी थोडं भांडावं लागतं, कारण तो भिडस्त माणसासारखा वागतो, समोरच्याला बरं वाटेल तेच दाखवतो. 'ब्यूटी' नावाची सोय सुरू असेल तर ती गालावरचे ब्रशचे ओरखडे, शिवणीची सुरकुती, कापसाची गुठळी सगळं गुळगुळीत करून टाकते. वर रंगही उजळवते. माझी सावळी भुलाबाई एकदा त्यात अशी गोरीपान झाली की नणंदेनं विचारलं, ही पुण्याची का? ती सोय आधी बंद करा. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोडही बंद. तो लोकरीच्या केसांच्या कडा खातो, आणि आपल्याला नेमके विस्कटलेले केसच पाहायचे असतात. पडद्यावर चौकटीच्या रेघा दाखवायची सोय असते, ती मात्र चालू ठेवा, म्हणजे बाहुली कलली की कॅमेरा कलला हे कळतं.

आता अंतर. नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. बाहुली लहान म्हणून आपण मोबाइल तिच्या तोंडाशी नेतो. समजा बाहुलीचं नाक कानाच्या चार सेंटिमीटर पुढे आहे. पंधरा सेंटिमीटरवरून फोटो काढला तर नाक पंधरावर, कान एकोणीसवर. म्हणजे कानाच्या मानानं नाक सव्वापटीहून किंचित जास्तच मोठं येणार. हाच फोटो एक मीटरवरून काढला तर फरक उरतो चार टक्के. जवळून काढलेल्या फोटोत बाहुली फुगलेल्या नाकाची, आत गेलेल्या कानांची दिसते. मग बिचारी बाई नाक तासायला बसते. नाकाचा काही दोष नसतो. मीटरभर लांब उभं राहा, दुप्पट झूम करा किंवा नंतर कापून घ्या. मी कोठीच्या खोलीत फरशीवर दोन खुणा करून ठेवल्या आहेत, एक पाटाची आणि एक मोबाइल टेकवायच्या स्टुलाची. दोन्हींत बरोबर एक मीटर. सून झाडताना त्या खुणा पुसत नाही, एवढा करार आमच्यात आहे.

कॅमेऱ्याची उंचीही तितकीच महत्त्वाची. हे मला भुलाबाईनं नाही, महालक्ष्म्यांनी शिकवलं.

आमच्याकडे भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. ज्येष्ठा-कनिष्ठा दोघी आणि त्यांची दोन पिल्लं. मुखवटे शाडूचे, पितळेचे, हल्ली फायबरचेही. पत्र्याच्या कोठीवर किंवा लोखंडी सांगाड्यावर साडी नेसवून त्यांना उभं करतात, वर मुखवटा बसवतात. अमरावतीचे मुखवटे पुण्या-मुंबईच्या बाजारातही त्याच नावानं विकले जातात, इतकी त्या कामाची ख्याती. एका वर्षी आमच्या घरच्या जुन्या मुखवट्यांचा रंग उडाला म्हणून मी ते नव्यानं रंगवायला घेतले. टेबलावर मुखवटा उताणा ठेवून, वरून वाकून, डोळे काढले. बुबुळं अगदी मधोमध. मन लावून काढले, छान झाले. स्थापनेच्या दिवशी मुखवटे चढवले, आरास झाली आणि पंगत बसली तेव्हा जेवणाऱ्यांपैकी एक वहिनी हळूच म्हणाल्या, "महालक्ष्मी आपल्याकडे नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून राह्यली."

खरंच तसं होतं. मुखवटा साडेचार फुटांवर, पाहणारे सगळे जमिनीवर, पुरणपोळीच्या ताटांसमोर बसलेले. समोर सरळ पाहणारा डोळा त्यांच्या डोक्यावरून जाणारच. जुन्या कारागिरांचे मुखवटे निरखून पाहा. वरची पापणी थोडी उतरलेली असते, बुबुळ तिच्याखाली किंचित झाकलेलं आणि मध्यापेक्षा जरा खाली. हातात घेतला तर मुखवटा पेंगुळलेला वाटतो. वर चढवला की बसलेल्या माणसाशी नजर भिडते. मी जुना रंग खरवडताना नेमकं हेच खरवडून टाकलं होतं. पुन्हा रंगवायच्या आधी एकच फोटो काढून ठेवला असता तर? नव्हता काढला. ती दुरुस्ती पुढच्या भाद्रपदापर्यंत थांबली आणि वर्षभर देवीनं घड्याळ पाहिलं, असं आमच्याकडे अजून हसून सांगतात.

त्यामुळे आता दोन फोटो. एक बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवरून, घडण तपासायला. दुसरा ती जिथे राहणार आणि जो तिच्याकडे पाहणार त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून. देवळीतली भुलाबाई उभ्या माणसाच्या छातीशी असते, पण गाणी म्हणणाऱ्या मुली आठ-दहा वर्षांच्या असतात. तिचा फोटो मी गुडघ्यावर बसून काढते. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल पोरगं दोरीनं ओढत नेतं, त्याच्याकडे सगळे वरूनच पाहतात. तिथे पाठ आणि शिंगं महत्त्वाची, तोंड नंतर. रंगमंचावरच्या बाहुल्यांचं आणखी वेगळं. पाध्ये घराण्याचा अर्धवटराव आठवा. त्याचे डोळे, ओठ, भुवया सगळं ठसठशीत, कारण शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते कळायला हवं. अशा बाहुलीचा फोटो मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहावा. तेवढ्यातही ती हसते की रडते हे समजलं तर काम झालं.

उजेडाबद्दल पुस्तकांत फार लिहितात. मी थोडंच सांगते. आमच्या वरूडला ऊन ही कमी पडणारी गोष्ट नाही, तीच अडचण. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण साडेएकवीस अक्षांशावर. मेच्या अखेरीस एक दिवस आणि जुलैच्या मध्याला एक दिवस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायातच लपते. त्या सुमाराच्या दुपारच्या उन्हात बाहुली अंगणात ठेवली तर डोळ्यांच्या खाचा काळ्याठिक्कर आणि नाकाचा शेंडा पांढराफटक. चेहरा नव्हे, कवटी. सकाळी नऊच्या आत, उत्तरेच्या खिडकीशी, एवढं पुरतं. उत्तरेला खिडकी नसेल तर संत्र्याचं खोकं घ्या. पुठ्ठ्याचं रिकामं खोकं वरूड-मोर्शीत रस्त्यावर मिळतं. दोन बाजू आणि वरची बाजू कापून तिथे बटर पेपर लावा, आत मागून तळापर्यंत एक मोठा राखाडी कागद सैल वळवून सोडा. खोकं ओट्यावर ठेवा. बटर पेपरमधून आत आलेला उजेड मऊ होतो, कडक सावली पडत नाही. पन्नास रुपयांत स्टुडिओ.

मऊ उजेडात चेहऱ्याचा भाव आणि रंग तपासतात. पण घडणीतले खड्डे, गुठळ्या, लगद्याच्या बारीक तडा त्यात लपतात. त्यासाठी रात्री दिवे घालवून एक टॉर्च बाहुलीच्या अगदी बाजूनं, गालाला घासून जाईल असा धरायचा. तिरप्या उजेडात पिठाच्या कणाएवढा उंचवटाही सावली टाकतो. हा फोटो कुणाला दाखवू नका. घरच्यांना वाटेल बाहुलीला देवी निघाल्या.

रंगाची एक गंमत माझ्यावरच उलटली, ती सांगितलीच पाहिजे. अंबिया बहराची संत्री निघत होती. घरात ढीग पडलेला, मी त्याच्याच शेजारी, दाराच्या उजेडात, बाहुली ठेवून फोटो काढले. फोटोत तिचा उजवा गाल पिवळट-तांबूस, डावा ठीक. मी रंग चुकला समजून उजवा गाल पुन्हा रंगवला. दुसऱ्या दिवशी उजेडात पाहते तो बाहुलीचे दोन गाल दोन रंगांचे. ढिगावरून परतलेला नारिंगी उजेड तिच्या गालावर पडला होता, एवढंच. रंगीत भिंत, लाल सतरंजी, फोटो काढणाऱ्याची हिरवी साडीसुद्धा असाच खेळ करते. शिवाय मोबाइल स्वतःच्या अकलेनं रंग बदलतो. साध्या पिवळ्या बल्बचा उजेड सुमारे २७०० केल्विनचा, दिवसाचा ५५०० ते ६५००, आणि मोबाइल दोन्हींना पांढरं करू पाहतो, कधी जमतं, कधी नाही. उपाय सोपा. बाहुलीच्या पायाशी पांढऱ्या कागदाचा एक तुकडा ठेवा. फोटोत तो पिवळा दिसला तर बाहुलीचा रंगही तितकाच पिवळा धरा आणि ब्रशला हात लावू नका. दुसरं असं की कॅमेरा प्रत्येक दृश्य सरासरीनं मध्यम राखाडी आहे असं मानून चालतो. म्हणून काळ्या लुगड्यातली बाहुली मळकी उजळ येते आणि पांढऱ्या साडीतली मळकी काळसर. पडद्यावर बोट ठेवून सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवलं की हे आटोक्यात येतं.

फोटो काढला. आता वाचायचा कसा?

लगेच पाहू नका. मी रात्री काढते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, पाहते. आधी आडवा उलटा करून, म्हणजे डावं उजवीकडे. बहुतेक मोबाइलच्या फोटो दुरुस्तीत ही सोय असते. लिओनार्दोचा आरसाच तो. तोंड कललं असेल, एक खांदा वर असेल, तर उलट्या फोटोत ते अंगावर येतं. काही जणी फोटो खालचा वर करून पाहायला सांगतात. त्यात थोडी खोच आहे. १९८० मध्ये पीटर थॉम्पसन या मानसशास्त्रज्ञानं मार्गारेट थॅचर यांच्या फोटोत डोळे आणि तोंड तेवढे उलटे करून लावले. फोटो सरळ धरला तर चेहरा भयंकर दिसायचा, पण अख्खा फोटो डोकं खाली करून दाखवला की लोकांना त्यात फारसं वावगं दिसेना. डोकं खाली असलेल्या चेहऱ्यात डोळ्या-ओठांचे दोष आपल्याला कळत नाहीत. तेव्हा अंगाचा बाक, साडीच्या निऱ्या, केसांचा आकार पाहायला फोटो खालचा वर करा. भाव पाहायला कधीच नाही.

मग रंग काढून काळा-पांढरा करा. माझ्या पहिल्या चार-पाच बाहुल्यांचे ओठ रंगीत फोटोत छान लाल होते आणि काळ्या-पांढऱ्यात गायब. लाल रंग आणि गव्हाळ त्वचा दोन्हींची गडदाई सारखीच होती. म्हणजे दुरून ती बाहुली बिनतोंडाचीच दिसत असणार. खालचा ओठ तसाच ठेवून दोन ओठांमधली रेघ गडद केली तेव्हा कुठे तोंड आलं.

यानंतर कागद. पडद्यावर माणूस लाडानं झूम करत बसतो, कागदावर चूक एका जागी थांबते. झेरॉक्सच्या दुकानात ए-फोर कागदावर साधी छापील प्रत काढा, चकचकीत फोटो नको, त्यावर पेन चालत नाही. दोन बुबुळांच्या मध्यातून एक रेघ, नाकाच्या शेंड्यातून हनुवटीपर्यंत दुसरी. दोन्ही काटकोनात भेटल्या पाहिजेत. मग डोक्याची उंची मोजा. मोठ्या माणसाचे डोळे कवटीच्या साधारण अर्ध्यावर असतात, पण शिकाऊ हात ते हमखास वर काढतो, कारण केसांखालचं डोकं तो मोजतच नाही. डोळे अर्ध्याच्याही खाली आणले, कपाळ मोठं ठेवलं, गाल भरले की बाहुली पोरकट आणि गोड होते. कोनराड लॉरेन्झनं १९४३ मध्ये हेच मांडलं होतं की पिल्लांच्या चेहऱ्याची ही ठेवण पाहून मोठ्यांना माया सुटते. भुलाबाई मात्र बाळ नाही, सासुरवाशीण आहे. तिचे डोळे फार खाली आले की ती भुलोजीची बायको न दिसता लेक दिसते. माझ्याकडून एका वर्षी तसं झालं होतं. कागदावर डोकी मोजली तेव्हा अख्खं अंग साडेतीन डोक्यांचं भरलं. मोठ्या माणसाचं अंग सात-साडेसात डोक्यांचं असतं. बसलेल्या मूर्तीला तो हिशेब तसाच लावता येत नाही, तरी साडेतीन म्हणजे मांडीवर घ्यायचंच बाळ.

पण या सगळ्यातून मला जे खरं मिळालं ते एका फोटोतून नाही, सात फोटोंतून. दादासाहेब फाळके सिनेमा काढायला निघाले तेव्हा त्यांनी आधी एका कुंडीत वाटाणा लावला आणि त्याच जागेवरून रोज त्याचं चित्रण करत राहिले. पडद्यावर रोप बघता बघता वाढताना दिसलं. कुंडीसमोर रोज बसणाऱ्या माणसाला ते वाढणं दिसलं नसतं. कॅमेरा जागचा हलला नाही म्हणून ते दिसलं. माझ्या फरशीवरच्या दोन खुणांनीही तेच केलं. सलग सात वर्षांच्या सात भुलाबाया, एकाच अंतरावरून, एकाच खिडकीशी. एका दिवाळीत मी त्यांच्या प्रती जमिनीवर ओळीनं मांडल्या आणि पारदर्शक पट्टी घेऊन बसले. सातही जणींचा उजवा डोळा, म्हणजे माझ्या डाव्या हाताकडचा, नीट. डावा डोळा सातही जणींचा थोडा मोठा आणि बाहेरच्या कोपऱ्यात उतरलेला. कुठे अर्धा मिलिमीटर, कुठे पाऊण. सुटी बाहुली पाहिली असती तर म्हटलं असतं, त्या दिवशी हात हलला. सात वर्षं हात एकाच बाजूला हलत नाही.

कारण शोधायला दोन दिवस लागले. मी उजव्या हातानं रंगवते आणि खिडकी माझ्या उजवीकडे होती. माझ्या डावीकडचा डोळा काढताना हाताची सावली अजून लांब असायची. उजवीकडचा, म्हणजे तिचा डावा, काढायला हात सरकला की त्याची सावली बरोबर त्याच डोळ्यावर. अंधारात मी रेघ जरा जाड ओढायचे आणि कोपरा सापडला नाही की अंदाजानं खाली उतरवायचे. शाळेत उजेड डावीकडून यावा म्हणून बाकं तशी मांडतात, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. टेबल फिरवलं, खिडकी डावीकडे घेतली. आठव्या भुलाबाईचे डोळे पट्टीनं मोजले, फरक सापडला नाही. नववीत एक पापणी जाड झाली, पण ती उजवी होती, म्हणून मी तिला चूक मानलं, सवय नाही.

म्हणून प्रत्येक फोटोच्या नावात तारीख घाला. मोबाइल हरवतो, भरतो, पोरं खेळताना फोटो उडवतात. प्रती काढून वहीत चिकटवा, खाली कापड कुठलं, कापूस किती, रंग कोणता, हे दोन ओळींत लिहा. माझी वही आता फुगून हिशेबाच्या चोपडीसारखी झाली आहे. आत्या तिला 'कार्ट्यांची वही' म्हणतात.

आणि फोटोला जे कळत नाही तेही सांगते. मागच्या कोजागिरीनंतर गल्लीतल्या एका पोरीसाठी मी कापडाची बाहुली केली. फोटोंच्या सगळ्या परीक्षांत ती उत्तीर्ण झाली. रेघा काटकोनात, ओठ काळ्या-पांढऱ्यातही ठळक, तिरप्या उजेडात एकही गुठळी नाही. पोरीनं ती घेतली, एक पाय मुठीत धरला आणि डोकं खाली लोंबकळत ठेवून घरी धूम ठोकली. तिसऱ्या दिवशी पाय हातात घेऊन परत आली. मांडीची शिवण मी बारीक धावदोऱ्यानं घातली होती, दिसायला सुरेख, ओढायला कच्ची. ती शिवण फोटोत जशी सुंदर दिसली तशीच खरोखर सुंदर होती, हीच पंचाईत. तेव्हापासून हातापायांच्या जोडांना उलटी टीप, तीही दुहेरी. आणि फोटो काढून झाले की दिवा बंद करण्यापूर्वी मी बाहुलीला एका पायानं उचलते, पाच-सहा झटके देते, आणि शिवणीत अंगठ्याचं नख घालून पाहते.